पाय धुण्याचा रविवार

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या हाउसिंगमध्ये जाऊन चंद्रभागाबाई बैसाणे कुठं राहतात असं विचारलं, तर माणसं एकमेकांची तोंडं बघतील. रसवाल्या मावशी म्हटलं की लगेच बोट दाखवतील. वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेलं एक ओडिया कुटुंब तर एकदा उन्हाळ्यात तांब्या घेऊन दारात उभं राहिलं होतं. त्यांना वाटलं, इथं उसाचा रस मिळतो.

रस उसाचा नव्हे, मनुकांचा. मराठी ख्रिस्ती मंडळीच्या प्रभुभोजनाला प्याल्यात जो द्राक्षरस लागतो, तो चंद्रभागाबाई घरी करतात. शुक्रवारी काळ्या मनुका भिजत घालायच्या, शनिवारी कुस्करायच्या, मंद आचेवर उकळायच्या आणि मलमलीतून गाळायच्या. ही रीत त्या साक्रीकडे, माहेरच्या गावी एका म्हाताऱ्या पाळकीणबाईंकडून शिकल्या आणि लग्नानंतर सुरतेला येताना बरोबर घेऊन आल्या. मलमलीला तर सुरतेत तोटा नाही. एकदा त्यांचे यजमान रामजी रसाची बाटली सायकलला अडकवून चालले होते, तेव्हा दारूबंदीमुळं नाक्यावरच्या पोलिसानं अडवलं. त्यानं बूच उघडून वास घेतला, रामजींनी टोपणभर ओतून दिलं. पोलीस म्हणाला, "आ तो शरबत छे," आणि आणखी एक टोपण मागितलं. रामजी ही गोष्ट मरेपर्यंत सांगत होते.

रामजी कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये होते. मिलमध्ये कोणता माल चालू आहे ते त्यांच्या पायांवरून कळायचं. कधी टाचा जांभळ्या, कधी नखं हिरवी. या मंडळीत वर्षातून दोनदा प्रीतिभोजन होतं. त्या दिवशी प्रभुभोजनाच्या मेजाला येण्याआधी माणसं एकमेकांचे पाय धुतात, पुरुष पुरुषांचे आणि बाया बायांचे. मग एका ताटात चार-चार जण जेवतात आणि त्यानंतर भाकर आणि प्याला. रामजींचे पाय धुतले की घमेल्यातल्या पाण्याला रंग चढायचा आणि पुरुषांच्या बाजूला हसू फुटायचं. "आज राणी कलर दिसतोय," असं कुणीतरी म्हणायचंच. चंद्रभागाबाईही पलीकडून पदर तोंडाला लावून हसायच्या. साड्यांवर स्टोन चिकटवून, धागे कापून त्यांची कंबर गेलेली असायची, पण त्या रविवारी कंबर दुखल्याचं त्यांना आठवत नाही.

रामजी गेले तेव्हा त्या रडल्या. चांगलं महिनाभर रडल्या, मग उठल्या आणि पुन्हा धागे कापायला बसल्या. मुलगा अविनाश तेव्हा पलसाण्याच्या एका मिलच्या प्रयोगशाळेत लागला होता. कपड्याचा तुकडा रंगवून नमुन्याशी जुळवून बघायचं काम. तिथंच त्याला निशा भेटली. निशाचं घर बौद्ध, बमरोलीत राहणारं. वडील भुसावळकडून मिलच्या कामासाठी आलेले. लग्न कोर्टात झालं. दोन्हीकडची माणसं थोडे दिवस फुगून बसली आणि नंतर एकमेकांकडे बिर्याणी खायला जाऊ लागली. निशानं कपाटातल्या एका कप्प्यात बुद्धाची छोटी मूर्ती ठेवली. रविवारी ती अविनाशबरोबर उपासनेला यायची आणि शेवटच्या बाकावर बसायची. तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, म्हणून भाकरीचं ताट आलं की ती ते न घेता पुढं सरकवायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात अविनाशला ताप आला. डेंग्यू. आठवडाही काढला नाही त्यानं.

या वेळी चंद्रभागाबाई रडल्या नाहीत. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतात, मग गालाला हात लावला तर तो दुसऱ्याचा गाल वाटतो, तसं त्यांचं झालं, सगळ्या अंगाला आणि आतून. दफनाच्या दिवशी त्यांनी आलेल्यांना पाणी विचारलं, कोण कुठं बसलंय ते पाहिलं, पाळकसाहेबांना खुर्ची दिली. माणसं म्हणाली, केवढा हा विश्वास. पुढच्या महिन्यात त्यांनी नेहमीसारखा रस केला, तेव्हा तर पाळकसाहेबांनी उपदेशातच त्यांचा उल्लेख केला. निशा सासर सोडून गेली नाही म्हणून तिचंही कौतुक झालं. बायबलमधल्या त्या सुनेसारखी आहे, असं बायका म्हणू लागल्या, जी नवरा मेल्यावरही सासूची पाठ सोडत नाही. चंद्रभागाबाई ऐकून घ्यायच्या. त्यांना बरंही वाटत नव्हतं आणि वाईटही वाटत नव्हतं.

घरात दोघी होत्या. सकाळी निशा मिलच्या बसनं पलसाण्याला जायची, संध्याकाळी यायची. चंद्रभागाबाई तिच्यासाठी भाकरी झाकून ठेवायच्या. ती भांडी घासायची. अविनाशचा निळा शर्ट दारामागच्या खुंटीवर होता. चंद्रभागाबाई तो दर रविवारी काढून झटकायच्या आणि परत लावायच्या. बोलणं असायचं ते गॅस संपला, पाणी आलं, इतपत.

या माघात निशा एक दिवस कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, बारडोलीला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी मिळतेय. तिथं तिचे धम्मरत्नमामा राहतात, त्यांच्याकडे राहायचं. येत्या सोमवारी दुपारी हजर व्हायचंय. नाही गेली तर जागा दुसऱ्याला देतील.

"बघू," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

दोन दिवसांनी निशानं पुन्हा विचारलं. त्या पुन्हा म्हणाल्या, "बघू." नको असं त्यांच्या मनात होतं असंही नाही. मनात काही शोधायला जावं तर तिथं काही सापडायचंच नाही. पण निशा सासूला न विचारता उठून जाणारी मुलगी नव्हती आणि तिच्या हातात रविवारपर्यंतचाच वेळ होता.

त्या आठवड्यात काशिनाथभाई भेटीला आले. काशिनाथभाई मंडळीचे वडील, म्हणजे ज्येष्ठ कारभारी, वयानंही आणि हुद्द्यानंही. प्रीतिभोजनाच्या आधी वडिलांनी घरोघर जाऊन प्रत्येकाला विचारायचं की विश्वासात आहात ना, कुणाविषयी मनात काही नाही ना, मेजाला येण्यात काही अडचण नाही ना. ज्याला अडचण असेल त्यानं आधी जाऊन समेट करायचा, मग मेजाला यायचं. पूर्वी गावाकडे या भेटीला माणसं घाबरायची. एकेका घरात रडारड व्हायची. सुरतेत आता वडील स्कूटरवर येतात, चहा घेतात आणि पुढच्या घरी जातात.

काशिनाथभाईंनी चप्पल काढली, सलाम केला, बसले आणि एका दमात तिन्ही प्रश्न विचारले. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "हो. सगळं साफ आहे."

"तुमचं काय विचारायचं म्हणा," काशिनाथभाई म्हणाले. मग त्यांनी आवाज जरा खाली आणला. ईस्टरला बाप्तिस्मे व्हायचे होते, नावं या रविवारी भोजनानंतर वाचून दाखवायची होती. निशाबेटीचं नाव घालायचं का? पोरगी इतकी वर्षं मागच्या बाकावर बसते, बरं दिसत नाही. बायकाही विचारतात.

निशा पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. चंद्रभागाबाईंनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"घेईल की," त्या म्हणाल्या. "घाला नाव."

काशिनाथभाई गेल्यावर निशानं पेला ओट्यावर ठेवला. "आई, मी असं कधी म्हणाले?"

"मोठा माणूस घरी आलेला. त्याच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

"मग बारडोलीचं?"

"बघू."

निशानं काशिनाथभाईंचा कप उचलून धुतला.

शनिवारी मिलला सुट्टी नसते, पण निशा अर्धी सुट्टी घेऊन आली. मोठं पातेलं जड होतं, चंद्रभागाबाईंच्या मनगटात आता तेवढा जोर राहिला नव्हता. स्वयंपाकघर इतकं लहान की दोघी उभ्या राहिल्या तर एकीला सरकल्याशिवाय दुसरीला वळता येत नाही. चंद्रभागाबाई खाली बसून मलमल चौपदरी करत होत्या. निशानं फडक्यानं पातेलं धरून उचललं. मागं काहीतरी खणकन वाजलं, मग निशानं श्वास आत ओढल्याचा आवाज आला.

"रस सांडला का?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

फडकं ओढल्याचा आवाज आला.

"थोडासा," निशा म्हणाली. "पुसते मी."

पातेलं खाली आलं. चंद्रभागाबाईंनी वाकून पाहिलं, रस पुरेसा होता. त्यांनी तो गाळला, बाटल्यांत भरला. निशा लवकर आडवी झाली. जेवणार नाही म्हणाली. त्यांनी तिची भाकरी झाकून ठेवली.

मराठी उपासना दुपारी असते, कारण सकाळी त्याच हॉलमध्ये गुजराती मंडळी असते. पत्र्याच्या छपराखाली फेब्रुवारीतही गरम व्हायला लागतं. पुरुष डावीकडे, बाया उजवीकडे. घमेली, बादल्या, पंच्यांचा ढीग, मागं पडवीत खिचडी-कढीची पातेली. चंद्रभागाबाई बाटल्यांची पिशवी घेऊन पुढं चालत आल्या होत्या. निशा मागून येत होती. एरवी पिशवी तीच घ्यायची आणि पुढंही तीच असायची. हे चंद्रभागाबाईंच्या लक्षात आलं, पण असं लक्षात आलेलं हल्ली तसंच पडून राहायचं, त्याचं पुढं काही व्हायचं नाही.

पाय धुताना रांग असते. एकीनं पंचा कमरेला बांधून शेजारणीचे पाय धुवायचे, पुसायचे, उठून तिला गळाभेट द्यायची. मग तो पंचा दुसरीनं बांधायचा आणि पुढचीचे पाय धुवायचे. चंद्रभागाबाईंच्या शेजारी दर वेळी धुरपदाबाई असायच्या, त्यांच्याच गावाकडच्या. या खेपेला धुरपदाबाईंचा गुडघा सुजला होता, त्या आल्याच नव्हत्या. रांगेत जागा रिकामी राहिली. पाळकीणबाईंनी इकडं-तिकडं पाहिलं आणि शेवटच्या बाकावरून निशाला हात धरून आणलं. भाकरीला बाप्तिस्मा लागतो, पाय धुवायला लागत नाही, असं त्या म्हणाल्या.

निशा बाकावर बसली आणि तिनं पाय बाकाखाली ओढून घेतले. चंद्रभागाबाई कमरेला पंचा बांधून तिच्यापुढं खाली बसल्या.

"आई, तुम्ही नका. मी तुमचे धुते."

"रांग तशी नाही येत," पाळकीणबाई म्हणाल्या.

निशाला काय करावं कळेना. ती उठली आणि घरी सणावाराला वाकतात तशी वाकून चंद्रभागाबाईंच्या पाया पडू लागली. चंद्रभागाबाई त्याच वेळी घमेलं पुढं ओढत होत्या. दोघींची डोकी एकमेकींवर आपटली. बाया हसल्या. "सासूनं पाय धुवायचे म्हणजे नशीब लागतं गं, बस गुपचूप," मागून कुणीतरी म्हणालं. "आमच्या सासूनं तर धुतलेल्या पायांवर चिखल उडवला असता."

निशा बसली. तिनं उजवा पाय पुढं केला. चंद्रभागाबाईंनी तो धुतला, पुसला. मग त्यांनी डाव्या पायासाठी हात पुढं केला. निशानं तो पाय सावकाश बाहेर काढला. त्यावर मलमलीची पट्टी गुंडाळलेली होती. त्यांच्याच गाळण्यातली, कड जांभळी झालेली.

त्यांनी पट्टी सोडली. बोटांपासून घोट्याच्या अलीकडपर्यंत फोड आला होता, एका बाजूला फुटून ओला झालेला.

"हे काय?"

"काल," निशा म्हणाली.

"कशानं?"

शेजारच्या बाया आता हसत नव्हत्या. चंद्रभागाबाईंना ते खणकन वाजलेलं पातेलं ऐकू आलं, आत ओढलेला श्वास ऐकू आला, आणि आपण काय विचारलं तेही ऐकू आलं. हातभर अंतरावर बसून त्यांनी रसाची चौकशी केली होती. प्रभूच्या मेजावर ठेवायचा म्हणून.

आता काहीतरी वाटायला हवं होतं. त्या वाट बघत राहिल्या. काही वाटलं नाही. छातीत हात घालावा आणि तिथं नुसता कापूस लागावा, तसं. फक्त डोळे काम करत होते. इतक्या दिवसांत या मुलीचं काहीच त्यांनी पाहिलं नव्हतं. आता निदान पाय तरी समोर होता, म्हणून त्या पाहत राहिल्या. टाचेला भेगा होत्या. करंगळीचं नख काळं पडलं होतं, प्रयोगशाळेत दिवसभर उभं राहून बूट चावत असणार. दुसऱ्या बोटाभोवती फिकट वळं होतं, जोडवी होती तिथलं.

ती जोडवी दफनाच्या दिवशी धुरपदाबाईंनी साबण लावून काढली होती. मंडळीत असं काही नसतं, पाळकसाहेब तसं सांगत आलेले. पण धुरपदाबाई भरल्या घरात पुढं झाल्या आणि कुणी अडवलं नाही. तेव्हा निशानं सासूकडं पाहिलं होतं. सासू पाणी कुणाकुणाला पोचलं ते बघत होती.

चंद्रभागाबाईंनी डावा पाय पाण्यात घातला नाही. पंच्याचं टोक भिजवून त्यांनी फोडाच्या कडेकडेनं पुसलं, टाच पुसली, भेगांमधलं काळं काढलं. पट्टी परत बांधली नाही. पाळकीणबाईंनी कुठूनतरी औषधाची नळी आणि स्वच्छ कपडा आणून दिला, तो बांधला. मग रीतीप्रमाणं उठून त्यांनी निशाला मिठीत घेतलं. पोरीच्या पाठीची हाडं हाताला लागली. निशा ताठ उभी होती, आणि तिचा पाय दुखत असल्यानं तिनं सगळा भार चंद्रभागाबाईंवर टाकला होता. तेवढं त्यांना जाणवलं. भार.

जेवायला त्यांच्या ताटात पाळकीणबाई आणि आणखी एक बाई होती, पण त्या वाढायला उठल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत. ताटात खिचडीचा ढीग आणि दोन्ही बाजूंनी दोघी.

"तुला बारडोलीला जायचंय?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं."

"मी काय म्हणेन ते नाही विचारलं. तुला जायचंय का?"

निशानं घास खाली ठेवला. "हो," ती म्हणाली. आणि मग एवढे दिवस साठवलेलं हळू आवाजात बोलली, बाजूच्या ताटाला ऐकू जाणार नाही असं. "माझा तुमच्यावर राग नाही, आई. पण त्या घरात मी अविनाशची राहिलेली वस्तू आहे. त्याचा शर्ट टांगून ठेवलाय तशी. शर्टाला तुम्ही निदान हात तरी लावता."

चंद्रभागाबाईंनी मान हलवली. ते खरं होतं. सुनेला घरी ठेवलं म्हणून माणसं त्यांचं कौतुक करत होती. त्यांनी तिला कशासाठी ठेवलं होतं? ती होती तोवर अविनाश पाळीवर गेला आहे असं वाटायचं. एकजण आली की दुसरा येतच असेल. एवढ्यासाठी एका तरण्या पोरीला त्यांनी दारामागच्या खुंटीवर लावून ठेवलं होतं.

"जा मग," त्या म्हणाल्या. "उद्या मामाला बोलाव."

"आणि ते नावाचं?"

"तुला नकोय?"

"मला माहीत नाही अजून. कधी वाटलं तर मीच येऊन सांगेन. पण दुसऱ्यानं माझ्या वतीनं हो म्हटलेलं नको."

पुढं मेज मांडलं जात होतं. काशिनाथभाई पांढऱ्या कपड्याखालची ताटं सारखी करत होते, प्याल्यांत रस ओतून झाला होता. चंद्रभागाबाई हात धुऊन सरळ त्यांच्याकडं गेल्या. सगळे जागेवर बसायला लागले होते, गाणं सुरू व्हायच्या बेतात होतं.

"काशिनाथभाई, त्या दिवशी मी खोटं बोलले."

"कोणतं, बाई?"

"दोन्ही. मन साफ आहे म्हणाले ते, आणि सून बाप्तिस्मा घेईल म्हणाले ते. नाव वाचू नका. तिचं तिनं सांगितलेलं नाही."

काशिनाथभाईंनी मागं पाहिलं. "आता? वेळ झालीय. नंतर बघू."

त्यांच्या तोंडचा 'बघू' ऐकून चंद्रभागाबाई जराशा थांबल्या. मग म्हणाल्या, "नंतर नाही. मेजाआधी."

काशिनाथभाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. ते किती म्हातारे झालेत, हेही चंद्रभागाबाई आज पहिल्यांदा पाहत होत्या. ते पाळकसाहेबांजवळ जाऊन कानात काही बोलले, पाळकसाहेबांनी कागदावर एक रेघ मारली. परत येताना ते चंद्रभागाबाईंपाशी थांबले.

"मी दारोदार विचारत फिरतो," ते खाली बघत म्हणाले. "सगळे हो म्हणतात. मला कुणी विचारलं तर मीही हो म्हणतो. माझा सख्खा भाऊ इथंच, उधन्यात राहतो. आईला मातीला दिलं तेव्हापासून त्याच्याशी बोललो नाही." एवढं बोलून ते मेजाकडं गेले.

मेजाआधी शांतता पाळतात. प्रत्येकानं आपापलं मन तपासायचं. चंद्रभागाबाई दर वेळी या वेळात प्याले पुरतील का याचा हिशेब करायच्या. आज त्यांनी मन तपासायचा प्रयत्न केला. तिथं अजूनही कापूसच होता. म्हणून त्या माणसांकडं बघत बसल्या. माणसं दिसत तरी होती. काशिनाथभाई डोळे मिटून उभे होते आणि त्यांची हनुवटी हलत होती. सासूवरून विनोद करणाऱ्या बाईचे डोळे ओले होते, का कोण जाणे. रांगेतली धुरपदाबाईंची जागा रिकामी होती. धुरपदाबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या होत्या आणि त्यांची जोडवी कुणी काढली असतील, किती जणांसमोर काढली असतील, हे चंद्रभागाबाईंनी त्यांना कधी विचारलं नव्हतं. आपल्याला जे केलं ते दुसरीला करायचं असतं, एवढंच कदाचित त्यांना ठाऊक होतं. गुडघा सुजलाय. घरी एकटी आहे. उद्या जायला हवं.

भाकरीचं ताट आलं. निशानं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि नेहमीसारखा स्वतः तुकडा न घेता सासूपुढं धरलं. चंद्रभागाबाईंनी तुकडा घेतला. त्याला चव नव्हती, गेलं दीड वर्ष कशालाच नव्हती. मग प्याला आला. त्यांनी एका घोटात घेतला आणि जिभेवर काहीतरी लागलं. रस तळाशी लागला होता. अगदी किंचित करपट, बाकी कुणाच्या लक्षात येणार नाही इतका. पातेलं उचलायला कालच्या गडबडीत उशीर झाला असणार. करपटपणा घशापर्यंत राहिला. त्यांनी तो गिळून टाकायची घाई केली नाही.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी नावं वाचली. त्यात निशाचं नाव नव्हतं. एकदोघी वळून बघू लागल्या. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "मीच काढायला सांगितलं," आणि पुढं काही विचारायला जागा ठेवली नाही.

सोमवारी सकाळी धम्मरत्नमामा मोटरसायकल घेऊन आले. आधी चंद्रभागाबाई निशाला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेल्या, पाय नीट बांधून घेतला. कम्पाउंडरनं विचारलं, भाजल्यावर लगेच का नाही आणलं? निशा काही बोलायच्या आत चंद्रभागाबाई म्हणाल्या, "माझं लक्ष नव्हतं." सामान थोडंच होतं. एक बॅग, बुद्धाची मूर्ती टॉवेलात गुंडाळून. मामांनी चहा घेतला, दोनदा विचारलं की तुम्ही एकट्या राहाल ना. निघताना निशा दारात थांबली.

"मी येत जाऊ ना?"

"ये. पण माझ्यासाठी म्हणून नको. यावंसं वाटलं तर ये."

निशानं वाकायला सुरुवात केली आणि कालचं आठवून थांबली. दोघींनाही हसू आलं, ते फार टिकलं नाही. मग ती मामांच्या मागं बसली, दुखरा पाय बाहेर काढून. गल्लीच्या टोकाला टँकर उभा होता. त्याला वळसा घालून मोटरसायकल दिसेनाशी झाली.

चंद्रभागाबाई आत गेल्या नाहीत, दारापुढच्या ओट्यावर बसल्या. शेजारच्या सुकलालची बायको तिच्या दारात साडीचे धागे कापत बसली होती. त्यांच्याच तालुक्यातली, घरी अहिराणी बोलणारी. तिनं कात्री चालवत चालवत विचारलं, "कोठे गयी वो सून?"

"नोकरीले. बारडोलीले."

"मंग तू एकलीच का आते?"

"हां, एकलीच," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

त्या शब्दावर काहीतरी अडलं. त्यांनी गल्लीच्या टोकाकडं पाहिलं. पलसाण्याची बस याच टोकाला थांबते, संध्याकाळी पाळीची माणसं इथंच उतरतात. आज संध्याकाळी निशा उतरणार नव्हती. आणि तिच्यामागून कुणी उतरणार नव्हतं. कधीच उतरणार नव्हतं. हे त्यांना माहीत होतं, त्यांनी स्वतःच्या हातानं माती टाकली होती. तरी आत्ता कुणीतरी येऊन पहिल्यांदा सांगावं तसं ते त्यांच्यापाशी आलं. दाढेची सुई उतरायला लागते आणि मग खरी कळ सुरू होते, तशी छातीच्या मध्यावर कळ आली.

"मना अविनाश गया वो," त्या म्हणाल्या.

सुकलालच्या बायकोनं त्यांच्याकडं पाहिलं. ती दफनाच्या दिवशी घरात होती, तिनंच चूल सांभाळली होती. तिनं मला माहीत आहे असं म्हटलं नाही. मांडीवरची साडी बाजूला केली, कात्री ठेवली, उठून ओट्यावर आली आणि चंद्रभागाबाईंना लागून बसली.

"हां माय," ती म्हणाली. "गया."